परसातला जिना

पुणे, ६ एप्रिल २००३

ती. आत्या,

नमस्कार. पाकिटात घडी घातलेले दोन कागद आहेत ते आधी काढ, चहाच्या कपापासून लांब ठेव आणि मग पुढे वाच.

तुझा जिना काढला! एक कागद म्हणजे प्लॅन, घर वरून पाहिलं तर कसं दिसेल ते. त्यात जिना म्हणजे नुसत्या शेजारी शेजारी रेघा आणि वर जाणारा एक बाण. दुसरा कागद म्हणजे एलेव्हेशन. परसात विहिरीपाशी उभं राहून घराच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं तर जे दिसेल ते. खरा जिना तिथेच दिसतो, पायरीवर पायरी आणि तिरका कठडा. दिवाळीत घेतलेली मापं जपून ठेवली होती, ती कामाला आली.

जिना स्वयंपाकघराच्या दाराला लागून सुरू होतो, मागच्या भिंतीला धरून चढतो आणि शेजारच्या तुळसाच्या घराकडच्या वरच्या खिडकीपाशी संपतो. त्या खिडकीचं दार करायचं. परस तुळसाच्या बाजूला किती उतरतं ते तुला ठाऊकच आहे, पाणी तिकडूनच आत येतं. म्हणून पायथा मुद्दाम उंच बाजूला घेतलाय. पाणी आलं की दार उघडायचं, एक पाऊल टाकलं की पहिली पायरी.

बाबांचं म्हणणं बदललेलं नाही. पावसाआधी माळ्यावर जायला धड जिना झाला नाही तर तू पुण्याला यायचंस, विषय संपला. त्यांनी आमची मागची खोली रंगवून घेतली आहे, तुझ्यासाठी कॉटसुद्धा आणून टाकली आहे. गेल्या पुरात तू शिडीने माळ्यावर चढून निवांत चहा पीत बसली होतीस, हे तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. तरी त्यांचा शिडीवर विश्वास नाही, आणि तुझ्या गुडघ्यांवर तर मुळीच नाही.

हे काम मी ऑफिस सुटल्यावर सरांच्या कॉम्प्युटरवर करते, त्यांना न सांगता. मी एकटीने काढलेलं हे पहिलंच काम आहे, आत्या.  काही चुकलं तर सांग.

तुझी,
देवश्री

महाड, १५ एप्रिल २००३

चि. देवश्री,

आशीर्वाद. कागद मिळाले. चहा सांडला, पण प्लॅनवर सांडला.

आधी मला सांग, माझ्या जिन्यापाशी हा कोण उभा आहे? अंगात कोट, गळ्यात टाय, हातात बॅग. असा माणूस माझ्या परसात उगवला तर तुळसा आधी त्याला सुकट विकेल आणि मग हाकलून देईल. तिच्या दाराशी आमच्या बाजारपेठेतल्या भल्याभल्यांची अशीच वाट लागते.

दुसरं म्हणजे, तुझा जिना भुतासारखा आरपार दिसतोय. न्हाणीघराची खिडकी पायऱ्यांमधून दिसते, विटांच्या रेघा कठड्यातून जातात. कुठली रेघ जिन्याची आणि कुठली भिंतीची, काही कळत नाही. चौथीच्या पोरांना मी चित्रकला शिकवायची तेव्हा सांगायची की पुढचं आधी काढा, मागचं त्याच्या आड जातं. तुझ्या कॉम्प्युटरला कुणी चौथीत बसवलं नाही वाटतं.

थट्टा सोड, पण हे नीट व्हायला हवं, कारण काशीराम मिस्त्री वरंधहून येऊन बघून गेला. त्याला प्लॅन दाखवला तर म्हणाला, "ह्या वरनं बघितलेला मला काय कामाचा? मी काय घार हाय?" त्याला उभं चित्रच लागतं. त्यावरून तो भिंतीवर निळीच्या दोरीने अख्खा जिना आखतो, पायरीन् पायरी, आणि मग त्या निळ्या रेघांवर बांधत जातो. तेव्हा चित्र असं काढ की त्याला काही विचारायला लागू नये.

फोन करू नकोस. समोर आमोदच्या औषधांच्या दुकानात मला बोलावतात, मला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडते आणि आपलं घरगुती सगळ्या गिऱ्हाइकांना कळतं. तुझ्या बाबांना, हरीला सांग, गेल्या वर्षी शिडी चढले तशी यंदाही चढेन. जिना मी त्याच्या समाधानासाठी करतेय. पुण्याच्या मागच्या खोलीत बसून मी काय करू? भिंतीचा रंग बघू?

आत्या

पुणे, २८ एप्रिल २००३

ती. आत्या,

तू म्हणालीस ते खरं आहे. कॅडला, म्हणजे कॉम्प्युटरवर मी ज्यात चित्र काढते त्या प्रोग्रॅमला, पुढचं-मागचं कळत नाही, त्याच्या लेखी सगळ्या नुसत्या रेघा. कुठली रेघ कशाच्या आड जाते ते आपण ठरवायचं आणि मागचा एकेक तुकडा कापून टाकायचा. मी आठवडाभर संध्याकाळी थांबून तेच केलं. खिडकी कापली, विटा कापल्या, जोत्याची रेघ कापली. आता जिना पुढे आणि भिंत मागे दिसते, बघ.

जिनाही नव्याने काढला. माझी मापं घराच्या आतून घेतलेली होती, म्हणून आधी आतून पाहिल्यासारखा वेगळा काढला आणि मग बाहेरच्या चित्रात आणून बसवला. आतलं बाहेर आणताना डावं-उजवं बदलतं, त्यासाठी 'मिरर' म्हणून एक आज्ञा असते. आरशात दिसतं तसं सगळं उलटतं. हे काम दोन दिवसांत तुकड्या-तुकड्याने केलं, कारण मध्येच सर मागे येऊन उभे राहिले. मी पटकन दुसरी फाइल उघडली. 

कोटवाला तेवढा राहू दे. बघणाऱ्याला उंचीचा अंदाज यावा म्हणून माणूस उभा करावा लागतो आणि आमच्याकडे तयार चित्रांत तोच एक आहे. बाईचं चित्र नाहीच.

काशीरामला हाच कागद दे. आधीचं उभं चित्र फाडून टाक, उगाच घोळ नको. बाबा रोज विचारतात, काम सुरू झालं का? मला रोज वाटतं की काहीतरी राहिलंय. गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही ना, तसं.

देवश्री

महाड, १० मे २००३

चि. देवश्री,

काम सुरू झालं. तुझा जिना आता मागच्या भिंतीवर निळा उमटलाय.

काशीरामने दोरी मारली तेव्हा मी त्याला थांबवलं आणि एक दिवस काम बंद ठेवलं. विशेष काही नाही, जरा बघायचं होतं. तोही घुश्शात होता, "चित्रात हाय तसाच आखलाय, माझ्या मनाचा नाय काय केला," म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याला सुरू कर म्हटलं. तुळसाही कुंपणाशी येऊन बघून गेली.

चित्रात आहे तसाच होतोय. तू जेवत जा वेळेवर.

आत्या

पुणे, १७ मे २००३

आत्या,

काम थांबव. हे पत्र वाचत असशील तर आधी काशीरामला हाक मार आणि मग पुढचं वाच.

काल बाबांनी ड्रॉइंग बघायला मागितलं. मी दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरले. बाबांनी विचारलं, "जिना सुरू कुठून होतो?" मी एलेव्हेशनवर पहिल्या पायरीवर बोट ठेवलं आणि सांगायला लागले, "हे स्वयंपाकघराचं..." आणि माझं बोट स्वयंपाकघराच्या दाराशी नव्हतंच. ते तुळसाच्या कोपऱ्यावर होतं. प्लॅनमधला बाण दारापासून निघतो आणि एलेव्हेशनमधला जिना त्याच्या बरोबर उलट, तुळसाकडून चढत तुझ्या दाराच्या डोक्यावर येतो. बाबांच्या लक्षात आलं नाही. मी बोट तसंच ठेवलं आणि बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही.

मी जिना उलटवला होता, तो बरोबर उलटवला होता. दुसऱ्या दिवशी फाइल उघडल्यावर ते विसरले आणि पुन्हा उलटवला. अक्षरं उलटी झाली असती तर लगेच दिसलं असतं. पण आमच्या ऑफिसात सेटिंगच असं आहे की चित्र उलटलं तरी अक्षरं सुलटीच राहतात. 'वर', 'कठडा', सगळं छान वाचता येत होतं! आणि उलटा जिनासुद्धा त्या भिंतीवर खराच वाटतो. तिथे वर दोन खिडक्या आहेत, एकीच्या जागी दुसरीचं दार केलं की झालं. कुणाला संशय यावा असं त्यात काहीच नाही.

आत्या, पायथा उतारावर गेला. पाणी आधी जिथे भरतं तिथे तुझी पहिली पायरी आहे. तुला अख्खं परस पाण्यातून चालत जावं लागेल, त्या गुडघ्यांनी. मी तुझ्यासाठी जिना नाही, सापळा काढलाय.

आज सकाळी न राहवून आमोदच्या दुकानात फोन केला. म्हटलं, बाईंना सांग, जिना उलटा झालाय, काम थांबवा. तो जाऊन आला आणि म्हणाला, "बाई म्हणाल्या, कळलं." एवढंच. काय कळलं, आत्या? थांबवलंस ना? रजा मागितली तर सर म्हणाले, हातातलं काम संपल्याशिवाय नाही. लगेच लिही.

देवश्री

महाड, २५ मे २००३

चि. देवश्री,

पायऱ्या ओतून झाल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी मारतेय. वरचं दार बसलं, त्याची कडी जरा घट्ट आहे, तेल घातलंय.

जिना पाडायचा नाही. काशीराम पुढच्या कामाला गेला आणि मला नव्याने धूळ खायची नाही. तू त्याचा फार विचार करतेस. लहानपणीही गृहपाठात खाडाखोड झाली की अख्खी वही फेकायचीस.

आणि हे हरीला सांगू नकोस. जिना झाला एवढंच सांग, ते खोटं नाही.

आत्या

पुणे, ८ जून २००३

ती. आत्या,

तू मला सांभाळून घेतेस ते कळतं मला. पोरीचं पहिलं काम, तिला वाईट वाटायला नको, म्हणून तू तो जिना तसाच ठेवलास. मला असं सांभाळून घेतलेलं नकोय. मला तू नीट राहायला हवी आहेस.

मी काय करू ते सांग. बाबांना खरं सांगितलं तर ते उद्या गाडी करून येतील आणि तुला घेऊन जातील. त्या घराबाहेर तू महिनाभरही राहायची नाहीस, हे त्यांना कळत नाही, मला कळतं. आणि नाही सांगितलं आणि पाणी आलं तर? "जिना झाला" असं सांगितल्यापासून बाबा इतके खुशीत आहेत की त्यांनी शेजारी पेढे वाटले. माझा पेढा मी तसाच डब्यात ठेवला.

ऑफिसात आता कुठलाही जिना काढायला घेतला की आधी बाण बघते, मग चित्र बघते, मग पुन्हा बाण. सरांनी विचारलं, तुला हल्ली झालंय काय? त्यांना काय सांगणार?

एक कर. माझ्यासाठी कर. स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीपासून जिन्याच्या कठड्यापर्यंत जाड दोरी बांधून ठेव, विहिरीची असते तशी, कमरेच्या उंचीला. आणि पाणी परसात दिसलं की वाट बघू नकोस, घोट्याएवढं असतानाच नीघ. बांधलीस की दोन ओळी लिही.

देवश्री

महाड, १९ जून २००३

चि. देवश्री,

दोरी बांधली. तुळसा तिच्यावर गोधड्या वाळत घालते.

आत्या

पुणे, २५ जुलै २००३

आत्या,

परवापासून टीव्हीवर महाडचं नाव येतंय. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं म्हणतात. आमोदचा फोन नुसता वाजतो किंवा तेही नाही. बाबा काल स्टँडवर जाऊन बसून आले, वरंध घाटात दरड आली आहे, गाड्या सोडत नाहीत.

मी बाबांना सगळं सांगितलं. उलटा जिना, पायथा, सगळं. ते उठून पुन्हा आमोदचा नंबर फिरवत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

हे पत्र कधी पोचेल माहीत नाही. लांब लिहू नकोस. फक्त तुझ्या अक्षरात काहीतरी पाठव.

देवश्री

महाड, ३० जुलै २००३

चि. देवश्री,

मी धड आहे. हे सगळ्यात आधी लिहिलं, आता नीट बसून वाच. आणि हे पत्र हरीलाही वाचायला दे, मी त्याच्यासाठीही लिहितेय.

गेल्या वर्षीचं माझं पत्र खोटं होतं. मी शिडी चढलेच नव्हते. दुसऱ्याच पायरीवर गुडघ्याने नाही म्हटलं. मी स्वयंपाकघरात ओट्यावर बसून होते आणि पाणी ओट्याला लागलं होतं. तुळसाने तिच्या सासूला, चंद्रभागेला, गिरणीच्या उंच चौथऱ्यावर नेऊन बसवलं आणि ती माझ्याकडे आली. पाणी उतरेपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिने मला धरून ठेवलं. तोवर तिच्या घरातलं सगळं गेलं, सुकटीच्या पाट्या, भांडी, कपडे. मी हे लिहिलं असतं तर हरी दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला असता, म्हणून चहा पीत बसले होते असं लिहिलं.

यंदा भिंतीवरची निळी रेघ तुळसाच्या कोपऱ्यातून निघालेली बघितली, तेव्हाच मला कळलं की पोरीचं चुकलंय. प्लॅनवर चहा सांडला असला तरी बाण दिसत होता. काशीरामला थांबवलं ते ती रेघ पुसायला लावण्यासाठीच. तेवढ्यात तुळसा कुंपणाशी आली, रेघ बघितली आणि हसत म्हणाली, "बाई, ह्यो तर आमच्या दारात उतरलाय. आमाला पन चढाया द्याल ना?"

ती हसत होती. मला हसू आलं नाही. माझ्या मनात आलं, पाण्यात मला धरून उभी राहिलेली ही बाई, आणि मी जिना करते आहे तो एकटीच्या दाराला चिकटवून, कुंपणाच्या अलीकडे, तिला पोचता येणार नाही असा.  लाज वाटली, देवश्री. दुसऱ्या दिवशी काशीरामला म्हटलं, चित्रात आहे तसाच कर, आणि कोपऱ्यातलं कुंपण तेवढं काढ.

तुला कळवलं नाही, कारण तू तो सुलटा करायला लावला असतास आणि तुझं म्हणणं चुकीचं नव्हतं. तू माझ्या जिवाचा हिशोब करत होतीस. मी तुला सांभाळून घेते असं वाटून तू रडत बसलीस, तेव्हा खरं लिहायला हवं होतं. पण तू हरीपासून फार दिवस काही लपवू शकत नाहीस, म्हणून गप्प बसले.

आता पाण्याचं. सकाळी भोंगा वाजला म्हणतात, मला तो ऐकू आला नाही. दार उघडलं तर परसात पाणी पोटरीला. तू घोट्याला नीघ म्हणाली होतीस. तुझी दोरी धरून निघाले. अर्ध्या वाटेत पाणी गुडघ्यावर आलं आणि पाय पुढे पडेना. मागे फिरायलाही येईना. खरं सांगते, फार घाबरले. वाटलं, पोरीने लिहिलं होतं तेच होणार आता, आणि ती जन्मभर स्वतःला बोल लावत बसणार.

मग दोरीला पलीकडून ओढ बसली. तुळसा. चंद्रभागेला पायऱ्यांवर बसवून ती उलट माझ्याकडे येत होती. "बाई, दोरी सोडू नका! मी आली, मी आली!" तिचं ओरडणं मलासुद्धा ऐकू आलं. तिने माझ्या कमरेला हात घातला आणि तशीच पायऱ्यांवर घेतलं. एक पाय ती उचलायची, एक मी.

मागच्या गल्लीतली सगळी माणसं वर आली. लेकुरवाळ्या, म्हातारे, कुणाची शेळी. खाली पाणी खिडकीला लागलं तेव्हा वर बसायला जागा नव्हती. गल्लीत कुणाच्याच घराला माळा नाही, हे इतकी वर्षं मला ठाऊक होतं आणि तरी कधी सुचलं नव्हतं. कुणीतरी स्टोव्ह वर आणला होता. यंदा मी माळ्यावर खरंच चहा प्यायले.

हरीला सांग, त्याला मला न्यायचंच असेल तर येऊ दे. पण आधी त्याने विहिरीपाशी उभं राहून मागची भिंत बघावी, मग बोलावं.

आणि तू मला जिन्याचं नवं चित्र काढून पाठव. झालाय तसा काढ, पुन्हा उलटवू नकोस. त्या कोटवाल्याला उतरव. त्या दिवशी तो कुठे दिसला नाही.

आत्या

पुणे, १२ ऑगस्ट २००३

ती. आत्या,

तुझं पत्र बाबांच्या हातात दिलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. रडले, ते तू धरूनच चाल.

मग सरांना सगळं सांगून त्यांच्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्यासमोर नवं एलेव्हेशन काढलं. या वेळी ऑफिस सुटायची वाट बघितली नाही. जिना तुळसाच्या कोपऱ्यातून निघतो आणि तुझ्या दाराच्या वर संपतो. कोपऱ्यातलं कुंपण काढलं. दोरी ठेवली. कोटवाला पुसला. बायकांची तयार चित्रं नव्हतीच, म्हणून रेघ रेघ जोडून दोन काढल्या. एक पायरीवर पाय ठेवते आहे आणि दुसरीने तिच्या कमरेला हात घातलाय. तुझं नाक जरा मोठं झालंय.

काल चित्र बाबांना दिलं. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. आज ऑफिसातून आले तर मागच्या खोलीतली कॉट उचलून गच्चीत ठेवलेली आणि खोलीत तिच्या जागी माझं टेबल लावलेलं. चित्र टेबलावर होतं. चित्रातल्या जिन्याला भिंतीच्या बाजूने, खालपासून वरपर्यंत, बाबांनी पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, "दोघी चढतायत. मग कठडा एकाच बाजूला का?"

तुझी,
देवश्री